झोळी थांबवली नाही

उपकेंद्राच्या मागच्या दोन खोल्यांत मी सतरा वर्षं एकटी राहिले. पुढे तपासणीची खोली, मध्ये लसींचा फ्रिज आणि मागे मी, अशी ती रचना. पोशीरच्या पुढचं हे गाव. मी मूळची घाटावरची. लग्न झालं होतं, दोन वर्षांत मोडलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. नर्स म्हणून इथे रुजू झाले तेव्हा पहिला महिनाभर लोक माझं नाव विचारायचे, नंतर सगळ्यांनी ‘सिस्टर’ म्हणायला सुरुवात केली आणि नाव जे गेलं ते गेलंच. बँकेत कोणी नावाने हाक मारली की दुसऱ्याच कोणाला बोलावताहेत असं वाटून मी मागे वळून बघायची.

स्वतःला मूल नसलेल्या बाईने दुसरीला मूल कसं सांभाळायचं ते सांगायचं म्हणजे अवघडच. समोरची तोंडावर काही बोलत नाही, पण तिच्या डोळ्यांत ते असतं. मी ती उणीव जिभेने भरून काढली. माझं तोंड कडू आहे हे गावाला पहिल्याच वर्षी कळलं. लस चुकवली की मी दारात उभी राहून बोलायची, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं. लोक ऐकायचे, आणि मला चहालासुद्धा थांबवायचे नाहीत. दोन्ही गोष्टी माझ्या जिभेचीच कमाई.

माझ्या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात मोलाचं काम म्हणजे तान्ह्या मुलाचा श्वास मोजणं. मूल शांत हवं. रडत नको, दूध पीत नको. अंगावरचं झबलं वर करायचं, हातातल्या घड्याळाचा सेकंदकाटा बघायचा आणि पूर्ण एक मिनिट पोट वर किती वेळा येतं ते मोजायचं. दोन महिन्यांच्या आतलं मूल मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल, दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतलं पन्नास किंवा जास्त, त्यापुढे पाच वर्षांपर्यंतचं चाळीस किंवा जास्त, तर काहीतरी बिघडलंय. श्वास आत घेताना खालच्या बरगड्या बाहेर येण्याऐवजी आत ओढल्या जात असतील, तर मोजत बसण्यात अर्थ नाही, गाडी बघायची. ते एक मिनिट फार लांब असतं. आईला वाटतं, सिस्टर घड्याळ बघतेय म्हणजे हिला घाई आहे.

ही सवय अशी लागते की सुटत नाही. नेरळच्या फलाटावर झोपलेल्या माणसाचे, ओट्यावरच्या मांजराचे, कोणाचेही श्वास मी मोजायची. संध्याकाळी जेवण उरकून आडवी झाले की स्वतःचे मोजायची. सोळा. रोज सोळाच. सगळं ठीक आहे, हे सांगायला मात्र घरात कोणी नसायचं.

ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती आठ वर्षांपूर्वीची, लावणीच्या दिवसांतली. आमच्याकडे लावणी सावडीने होते. आज दहा घरच्या बाया तुमच्या खाचरात वाकल्या, की पुढचे दहा दिवस तुम्ही त्यांच्या खाचरांत वाकायचं. मजुरी कोणी देत नाही, घेत नाही. घरटी एक बाई पाहिजे. ज्या घरातली बाई आली नाही ते घर वर्षभर सगळ्यांच्या तोंडात असतं. ताप असला तरी बाया जातात. मी यावरून पुष्कळ भांडले आहे आणि दर वेळी हरले आहे.

त्या दिवशी मी सकाळपासून फिरत होते. अकरावं घर. बूट भिजलेले, पोटात काही नाही, आणि मघाच्या घरातल्या पोराने माझ्या हातावर ओकलेलं. अशा अवस्थेत मी त्या घराच्या पडवीत गेले. सूनबाई निघण्याच्या तयारीत, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ. त्यांच्या खाचरात बाया आदल्या आठवड्यात येऊन गेल्या होत्या, आता हिची फेड चालू होती. नवरा कुंभिवलीच्या एका कारखान्यात पाळीला गेलेला. सासू भिंतीला टेकून बसलेली, पुढ्यात निवडायचे तांदूळ, आणि पायाच्या अंगठ्याला झोळीची दोरी. वाशाला टांगलेल्या जुन्या लुगड्याच्या झोळीत चार महिन्यांची मुलगी. म्हातारीचा पाय आपोआप हलत होता आणि झोळी त्याच्याबरोबर.

म्हातारी कौतुकाने सांगत होती की पोर फार गुणी आहे, लावणी सुरू झाल्यापासून एकदासुद्धा रडून घर डोक्यावर घेतलं नाही. मलाही बरं वाटलं. सकाळपासून रडणारी दहा पोरं बघितली होती. मी म्हटलं, अशी गुणी मुलगी असली म्हणजे काय बघायला नको.

सूनबाई दारातच घुटमळत होती. ती हळूच म्हणाली की दूध मध्येच सोडते, दमल्यासारखी करते, पुन्हा धरते, पुन्हा सोडते. मग तिने विचारलं, “सिस्टर, जाऊ ना मी?”

मी झोळीवर वाकले. बाळ झोपलेलं, गळ्यापर्यंत गुंडाळलेलं. झोळी थांबवा असं म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात म्हातारी म्हणाली की थांबवली की ती उठेल, मग कोणाला काही करू देणार नाही. खरं सांगायचं तर मलाही ती उठायला नको होती. उठली की रडणार, रडली की मोजता येणार नाही, मग शांत होईपर्यंत अर्धा तास बसायचं. मी झोळी थांबवली नाही. कापडही वर केलं नाही. हलत्या झोळीत, दुपट्यावरून, अर्धं मिनिट मोजलं. बावीस आले. दुप्पट केले, चव्वेचाळीस. रजिस्टरमध्ये चव्वेचाळीस लिहिलं. त्या बावीसमध्ये श्वास किती होते आणि झोळीचे हेलकावे किती, ते आज मला सांगता यायचं नाही.

“ठीक आहे,” मी म्हटलं. “पावसाळ्यात पोरं मलूल असतात. जा तू.”

ती गेली. मी बाराव्या घरी गेले.

तिसऱ्या दिवशी खालापूरला आशाताईंचं प्रशिक्षण होतं. लहान मुलांच्या श्वासाचा धडा दर वर्षी माझ्याकडेच असायचा. मी तो छान शिकवते, हे स्वतःच सांगते. बाहुली घेऊन झबलं वर कसं करायचं, छातीचा पिंजरा कुठे आत जातो, हाताने दाखवते. नाकपुड्या फुलणं, कण्हणं, ओठ निळसर होणं. मग रक्ताभिसरण. तळपाय गार आहेत का, गारवा गुडघ्याकडे चढलाय का. छातीच्या मधल्या हाडावर बोट पाच सेकंद दाबून सोडायचं, पांढरा पडलेला ठसा दोन-तीन सेकंदांत पुन्हा भरला पाहिजे. बाळ दूध पिताना दमत असेल आणि कपाळाला घाम येत असेल, तर ते हृदयाचं लक्षण असू शकतं, कारण दूध ओढणं हीच त्या वयातली धावपळ. आणि सगळ्यात शेवटी मी ठासून सांगते की रडणाऱ्या मुलाला घाबरू नका, गप्प पडलेल्याला घाबरा.

हे सगळं त्या दिवशीही मी सांगितलं, न अडखळता. सांगताना माझ्या मनात काही हललं नाही, याची मला आजही लाज वाटते. मग मागच्या रांगेतल्या एका नव्या ताईने विचारलं, मूल झोळीत झोपलेलं असेल तर कसं मोजायचं?

“झोळी थांबवायची,” मी म्हटलं. “मूल बाहेर काढायचं, आईच्या मांडीवर...”

दूध मध्येच सोडते. दमल्यासारखी करते. लावणी सुरू झाल्यापासून रडली नाही. सगळं मला सांगितलं होतं त्यांनी, माझ्याच धड्यातलं, माझ्याच क्रमाने. मी बाहुली टेबलावर ठेवली, प्रशिक्षणाच्या साहेबांना पोटात दुखतंय असं सांगितलं आणि बाहेर पडले.

आमच्या गावची आशाताई त्याच हॉलमध्ये बसलेली, बाकी गाव खाचरात, त्यामुळे गावात पाठवायला कोणी नव्हतं. सूनबाईचा फोन वाजून वाजून बंद होत होता. खाचरात फोन कोण नेतंय, आणि घरात म्हातारीला तो उचलता येत नव्हता. खालापूरहून कर्जत, कर्जतहून नेरळ, नेरळहून पुढे टमटम, असे दोन तास गेले. वाटेत मी स्वतःशी वाद घालत होते. चव्वेचाळीस म्हणजे चांगलाच आकडा की. चार महिन्यांच्या मुलीला चव्वेचाळीस बरोबर आहे. उगाच घाबरलीस. पण डोसाच्या दिवशी तिचं वजन जेमतेम वाढलेलं मी पाहिलं होतं आणि त्यावरही काही बोलले नव्हते, हे त्या वादात मध्येच आठवलं आणि वाद संपला.

पडवीत म्हातारी तशीच बसलेली. पाय हलतोय, झोळी हलतेय. मला बघून ती खुशीत म्हणाली, “आज तर डोळंच उघडलं नाय तिनं. लय गुणाची हाय.”

मी दोरी हाताने धरली. झोळी थांबली. आत काहीही हललं नाही, चुळबुळसुद्धा नाही. मी तिला बाहेर काढलं, दुपटं सोडलं, झबलं वर केलं. प्रत्येक श्वासाला खालच्या बरगड्या आत जात होत्या, कोणीतरी आतून ओढल्यासारख्या. नाकपुड्या फुलत होत्या. पूर्ण मिनिट मोजलं. बहात्तर. तळपाय गार, पोटऱ्या गार. छातीच्या हाडावर बोट दाबलं, सोडलं आणि मनात मोजलं. चारपर्यंत ठसा तसाच पांढरा होता. कपाळावर घामाचे थेंब, आणि अंग मात्र थंड.

म्हातारी वाटीतलं दूध चमच्याने पाजायला पुढे झाली, मी तिचा हात धरला. गुंगीतल्या मुलाला चमच्याने दूध घातलं की ते श्वासनळीत जातं. मी बाळाला छातीशी उभं धरलं, मान ना पुढे पडू दिली ना मागे, नाक कापडाच्या टोकाने साफ केलं, कोरडं फडकं डोक्यावरून सैल गुंडाळलं. म्हातारीला म्हटलं, आजी, सुनेला बोलावून आणा. ती तशीच उठली. सत्तरीच्या म्हातारीला बांधावरून धावताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

रुग्णवाहिका महामार्गावरच्या अपघाताला गेली होती, यायला तास लागणार होता. मी वाट बघितली नाही. कोंबडीखाद्य उतरवून एक टेंपो परत निघाला होता, त्याच्यापुढे उभी राहिले. तोवर सूनबाई आली, दुसऱ्याच्या खाचरातून, गुडघ्यापर्यंत चिखल तसाच. टेंपोत बसल्याबरोबर तिने मुलीला पदराखाली घ्यायला हात पुढे केले. मी ओरडले तिच्यावर. पाजू नकोस, फक्त तिच्या छातीकडे बघ, श्वास थांबल्यासारखा वाटला तर सांग. ती बघत राहिली. आरोग्य केंद्र येईपर्यंत मी मोठ्याने श्वास मोजत होते.

केंद्रात ऑक्सिजन लागला. तिथल्या डॉक्टरांनी तिला कर्जतला नेलं, कर्जतहून मुंबईला. केंद्रातून निघालेल्या गाडीत मला जागा नव्हती. मी कर्जतच्या रस्त्यावर उभी राहिले, गाडी वळणावर गेली, आणि मग मी खोलीवर परतले. पुढचे पाच दिवस बातमी नव्हती. इतकं एकटं मला त्याआधी वाटलं नव्हतं, नवऱ्याचं घर सोडलं तेव्हाही नाही. कारण त्या वेळी सांगायला माझ्याकडे दुसऱ्याची चूक होती. आता होती ती माझी, आणि ती कोणाला सांगायची? संध्याकाळी आडवी झाले की स्वतःचे श्वासही मोजवेनात.

मुलगी वाचली. हृदयात छिद्र होतं, फुप्फुसात जास्तीचं रक्त जात होतं, त्यावर न्यूमोनिया झालेला. न्यूमोनिया बरा करून घरी पाठवली आणि अकरा महिन्यांची झाल्यावर ऑपरेशन झालं.

आणि गावाने मला डोक्यावर घेतलं. म्हातारीने घरोघरी सांगितलं की सिस्टर खालापूरला होती, तिला तिथं बसून कळलं. सांगता सांगता ते असं झालं की सिस्टरला पहाटे स्वप्न पडलं. ग्रामसभेत शाल आणि श्रीफळ दिलं. ज्या घरांनी मला कधी चहाला थांबवलं नव्हतं त्या घरांतून कंटोळी यायला लागली, काकड्या यायला लागल्या, गणपतीत मोदक आले. मी ते घेतलं. सुरुवातीला नोकरीच्या भीतीने गप्प बसले, पण ती भीती दोन महिन्यांत गेली. नंतर गप्प बसले कारण मला ते आवडलं होतं. नऊ वर्षांत कोणीतरी पहिल्यांदा माझी वाट बघत होतं. खरं बोलले असते तर ते दार पुन्हा बंद झालं असतं. मोदक खाताना रजिस्टरमधलं चव्वेचाळीस आठवायचं आणि मी दुसरा उचलायची.

एक मात्र झालं. त्यानंतर मी अर्धं मिनिट कधी मोजलं नाही. कोणाच्याही घरी गेले की आधी झोळी थांबवायची, मूल उठो, रडो, बाया वैतागोत. लोक चेष्टा करायचे, सिस्टर आली, झोळी धरा. मीही हसायची त्यांच्याबरोबर.

यंदा हिवाळ्यात मी निवृत्त झाले. सामान बांधताना जुनं रजिस्टर काढून बघितलं. चव्वेचाळीस तसंच होतं, माझ्याच सुबक अक्षरात. ते कोणी वाचणार नव्हतं. पण गाव सोडण्याआधी त्या मुलीच्या आईला सांगायचंच, असं मी ठरवलं. तिने मला शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. आठ वर्षं तिने दर सणाला माझ्या पाया पडावं, हे मला सहन होत नव्हतं.

दुपारी गेले. म्हातारी दोन वर्षांपूर्वी वारली होती, नवरा पाळीला, मुलगी शाळेत. सूनबाई पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिने चहा ठेवला. मी चहाला हात न लावता सगळं सांगून टाकलं, एका दमात. झोळी हलत होती, कापड वर केलं नाही, अर्धं मिनिट मोजलं, दुप्पट केलं. त्या दिवशीच नीट मोजलं असतं तर मुलगी दोन दिवस आधी दवाखान्यात गेली असती. मला स्वप्न वगैरे काही पडलं नव्हतं.

ती शेंगा सोलत राहिली. मला वाटलं, हिला समजलं नाही. मग ती वर न बघता म्हणाली, “मला माहीत हाय, सिस्टर. मी दारातच उभी होते ना. तुमी झोळी थांबवली नाय ते मी बघितलं.”

मी विचारलं, मग कधी बोलली का नाहीस?

“काय बोलू? पाजताना तिच्या कपाळाला घाम यायचा. मी पदरानं पुसायची नि परत पाजायची. तिचं पाय गार लागायचं, मी मोजे घातलं. आठ दिवस बघत होते मी. सासूला बोलले असते तर बोलली असती, सावड चुकवायला निमित्त काढतेय. तुमाला पण नीट नाय सांगितलं, अर्धंच सांगितलं. तुमी जा म्हणालात ना, मला तेच ऐकायचं होतं.” तिचे हात थांबले. “तुमी निदान परत आलात. मी तर घरातच होते.”

आठ वर्षं मी उपकेंद्राच्या मागच्या खोलीत हे उशाशी घेऊन झोपले होते, आणि तिथून चालत दहा मिनिटांवर ही. सणाला भेटत होतो, ती वाकत होती, मी तिच्या डोक्यावर हात ठेवत होते.

मी तिला म्हटलं, तुझी काही चूक नव्हती. तिनेही मला तेच म्हटलं. दोघींनाही ते पटलं नाही, पण ती उठली नाही आणि मीही निघाले नाही, समोरच्या सुपातल्या शेंगा पुढे ओढल्या आणि सोलायला लागले.